पोकलेन चालवायला शिकायचं कुठे?

गावात रस्त्याचं काम निघालं की आधी जेसीबी येतं आणि मागोमाग ट्रेलरवर बसून पोकलेन. मशिन बहुतेक वेळा नवंकोरं असतं. त्यावर बसलेला पोरगा मात्र कुठल्या शाळेत शिकून आलेला नसतो. दोन-तीन वर्षं तो हेल्पर होता. त्याने ग्रीस मारलं, डिझेल भरलं, उस्तादाचा डबा आणला आणि जेवणाच्या सुट्टीत उस्तादाचा डोळा लागला की लिव्हरवर हात बसवला. म्हणजे तो शिकला तो चालू साइटवर, खाली मजूर उभे असताना आणि डोक्यावर विजेच्या तारा असताना. वीस टनांचं मशिन असं शिकणं धोक्याचं आहे, हे त्या पोरालाही कळतं. पण दुसरी सोय नसते.

ही सोय करायला मशिन मिळतं, शिकवणारे मिळतात. अभ्यासक्रमही तयार आहे. केंद्राच्या कौशल्य विकास योजनांच्या चौकटीत इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल काउन्सिलने बॅकहो लोडर (आपलं जेसीबी) आणि एक्स्कॅव्हेटर (आपलं पोकलेन) ऑपरेटरला काय काय यायला हवं ते ठरवून दिलेलं आहे. पुण्याजवळ तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात जेसीबी, ह्युंदाई, सॅनी यांचे कारखाने आहेत, मशिनं दारातच तयार होतात. अडतं ते जागेपाशी, आणि जागेपेक्षाही त्या जागेच्या परवानगीपाशी.

पोकलेन चालवायला शिकवणाऱ्या शाळेला इमारत फारशी लागत नाही. वर्गासाठी एक पत्र्याची शेड, कागदपत्रांसाठी एखादा कंटेनर, पोरांसाठी स्वच्छतागृह. लागते ती मोकळी जमीन, रोज खणता येईल आणि रोज बुजवता येईल अशी. वीस टनी पोकलेनचा हात साधारण नऊ-दहा मीटर पोचतो आणि मशिन स्वतःभोवती पूर्ण फिरतं. दोन मशिनांची वर्तुळं एकमेकांना भिडता कामा नयेत. टिपर भरायचा सराव करायचा तर टिपरला वळायला जागा हवी, उतारावर मशिन कसं धरायचं ते शिकवायचं तर उतार हवा. चार-पाच एकरांच्या खाली हे नीट जमत नाही, आणि शहरालगत एवढं सलग रान म्हणजे शेतजमीनच.

शिवाय ही शाळा एका जागी कायमची बसवण्यात अर्थ नसतो. जिथे महामार्गाचं, कालव्याचं, औद्योगिक वसाहतीचं काम निघालं आहे तिथल्या पोरांना तिथेच शिकवावं, त्यांना तिथेच काम मिळावं, आणि काम संपलं की शाळेने पुढच्या तालुक्यात जावं, हे शहाणपणाचं. म्हणून परवानगी हवी ती तात्पुरती. आणि आपल्याकडच्या कायद्यांत सगळ्यात कमी विचार झाला आहे तो या तात्पुरतेपणाचा.

पहिला गैरसमज ठरलेला: बांधकामच करायचं नाही, मग परवानगी कशाला? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा केवळ भिंती आणि स्लॅब बघत नाही. जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं खोदकाम आणि जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदल हेही त्या कायद्याने ‘विकास’ या सदरात घातलेले आहेत. एक वीटही न रचता आपण परवानगीच्या कक्षेत येतो. गाव विकास आराखड्यात असेल तर अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे, फक्त प्रादेशिक योजनेत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि दोन्हीकडे नगररचना विभागाचा अभिप्राय आलाच.

दुसरी अडचण त्याहून आधीची, आणि ती बऱ्याच जणांना करार झाल्यावर कळते. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, तशीच ती भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रशिक्षण देणारी कंपनी किंवा संस्था शेतकरी नसते. तेव्हा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार करून ‘जागा झाली’ असं समजणं म्हणजे स्वतःलाही आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यालाही गोत्यात घालणं. सुरुवात या कागदापासून करावी.

मग येतो झोन, म्हणजे ती जमीन आराखड्यात कोणत्या वापराच्या विभागात येते ते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि इतर काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागातही बरंच काही चालतं: शिक्षणसंस्था चालते, मंगल कार्यालय चालतं, गोल्फचं मैदान चालतं, दगडखाणसुद्धा चालते. यंत्रचालकांच्या शाळेचं मात्र स्पष्ट नाव काढलेलं नाही. वर्ग बघितला तर ती शिक्षणसंस्था, मैदान बघितलं तर खाणीसारखी, उभी यंत्रं बघितली तर ठेकेदाराचं यार्ड. कुठल्या खान्यात बसवायची हे टेबलावरच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. यादीत स्पष्ट नसलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणण्याची जोखीम तो का घेईल? त्याला दोष देता येत नाही. फाइल परत येते, त्रुटी निघते, पुन्हा जाते. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत उत्तर न मिळाल्यास परवानगी मानीव ठरते खरी, पण काम नियमावलीत बसत असेल तरच, आणि इथे तर बसतं की नाही हाच प्रश्न आहे.

बिनशेती परवानगीची स्वतंत्र अट सरकार टप्प्याटप्प्याने सैल करत आलं आहे. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४२-ब, ४२-क आणि ४२-ड घालण्यात आली, ती त्याच दिशेने. आराखड्यातल्या झोनला धरून वापर असेल तर वेगळी बिनशेती कशाला, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे सगळा भार झोनवर आला. झोनमध्ये नाव नसेल तर बिनशेतीच्या सवलतीचा उपयोग नाही.

आता मातीकडे येऊ. या शाळेचं सगळं शिक्षण मातीतच होतं आणि सगळ्यात मोठं भांडणही तिथेच होतं.

पोकलेनच्या बकेटमध्ये साधारण एक घनमीटर माल मावतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, जवळजवळ २.८३ घनमीटर. म्हणजे तीन बकेट झाल्या की एक ब्रास. शिकाऊ पोरगा सकाळी चर खणतो, बूम खाली, आर्म आत, बकेट वळवून वर. सुरुवातीला तीन हालचाली तीन तुकड्यांत होतात, मशिन गचके खातं, बकेटचे दात तळाशी घासतात आणि चराचा तळ खालीवर होतो. आठवड्याभराने तिन्ही हालचाली एकात मिसळतात आणि तळ पाणसळीत येतो. दुपारी तोच चर तो बुजवतो आणि बकेटच्या पाठीने दाबून सपाट करतो. दिवसात शंभर बकेट खणल्या तर पस्तीस ब्रास माल वर आला आणि पस्तीस ब्रास खाली गेला. शेताबाहेर एक टोपलीही गेली नाही.

पण दुपारी बाराला तलाठी किंवा मंडळ अधिकारी तिथून गेले तर त्यांना दिसतो तो उघडा खड्डा, मुरमाचा ढीग आणि शेजारी उभं पोकलेन. राज्यात मुरमाची चोरी जिथे होते तिथेही नेमकं हेच दृश्य असतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये विनापरवाना गौण खनिज काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि तहसीलदार मशिन जप्त करू शकतात. खणलेली माती शेतातच राहिली, हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

इथे पुण्याचाच एक निकाल कामाला येतो. प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की साधी माती नुसती खणली म्हणून ती गौण खनिज होत नाही. केंद्राच्या २००० सालच्या अधिसूचनेत भराव किंवा सपाटीकरणाचे जे बांधकामाशी जोडलेले उपयोग दिले आहेत, त्यांसाठी ती वापरली का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावं लागतं. शाळेसाठी हा मोठा आधार आहे. पण तो साध्या मातीपुरता. मुरूम गौण खनिजांच्या यादीत स्वतंत्रपणे आहे, आणि आपल्या माळरानावर वीतभर माती उचलली की खाली मुरूमच लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की खणायची जागा, खोली आणि ‘माल गटाबाहेर जाणार नाही’ ही अट परवानगीच्या आदेशातच नकाशासह लिहावी, आणि त्या आदेशाची प्रत तहसील कार्यालयात आधीच पोचवावी. नंतर खुलासे देण्यापेक्षा ते शंभर पटींनी सोपं आहे.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या असतात, त्यांना ‘विकासाला विरोध’ म्हणून उडवून लावू नये. पोकलेनच्या इंजिनापेक्षा रिव्हर्सचा भोंगा जास्त छळतो, कारण शिकाऊ माणूस सारखा पुढे-मागे करत असतो. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. वस्तीपासून अंतर सोडणं आणि मधे मातीचा बांध घालणं हे दोन उपाय स्वस्त आहेत, आणि बांध घालायला मशिन तर तिथेच आहे. डिझेल साठवलं तर अडीच हजार लिटरांपर्यंत, एकेक टाकी हजार लिटरांच्या आत असेल तर, पेट्रोलियम कायद्याचा परवाना लागत नाही. मात्र टाकीखाली गळती अडवणारा पक्का कट्टा हवा. शेजारच्या विहिरीत डिझेलचा वास आला की गावाचा विश्वास गेला.

चेनचं मशिन रस्त्यावरून चालत येत नाही, ट्रेलरवर येतं. ट्रेलर आणि मशिन मिळून गावच्या डांबरी रस्त्याला सोसेल त्यापेक्षा वजन बरंच जास्त होतं. मशिन एकदा आणायचं आणि हंगाम संपल्यावर एकदा न्यायचं, एवढं बंधन घातलं तरी रस्ता वाचतो.

आणि ज्या गोष्टीची अर्जात कुठेच विचारणा नसते, ती म्हणजे वरच्या थरातली माती. एक सेंटीमीटर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पोरांनी खणायला सुरुवात केली की पहिल्याच दिवशी ही माती खालच्या मुरमात कालवली जाते, आणि मग कितीही सपाट करून दिलं तरी ते रान पुढे पीक देत नाही. त्यासाठी आधी वरची वीत-दीड वीत माती उचलून शेताच्या एका कडेला वेगळी रचावी लागते, फार उंच नाही, माणसाच्या उंचीच्या आत, नाहीतर तळची माती कोंडून मरते. तिच्यावर कुणीही मशिन चढवायचं नाही. शेवटी खालचा थर भरून झाला की चेनच्या वजनाने दगडासारखा झालेला तो थर खोल नांगराने फोडायचा, आणि मगच वरची माती पसरायची. हा क्रम उलटला की शेतकऱ्याने वर्षाच्या भाड्यासाठी आयुष्याची जमीन गमावली असं होतं. हे काम शिकवण्याजोगंही आहे. ऑपरेटरला माती न मिसळता थर उचलता आला पाहिजे.

इंग्लंडमध्ये या तात्पुरतेपणाला कायद्यात जागा आहे. १९९० च्या तिथल्या नगररचना कायद्यात कलम ७२ खाली ठरावीक मुदतीनंतर वापर थांबवण्याची आणि जमीन पूर्ववत करण्याची अट परवानगीतच घालता येते. मोकळ्या जमिनीचा वर्षातून २८ दिवसांपर्यंतचा तात्पुरता वापर तर बहुतेक कामांसाठी अर्जाशिवायच चालतो. आपला १९१५ चा मुंबई नगररचना कायदा ब्रिटिश कायद्याच्याच धर्तीवर झाला होता, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. अटी घालण्याचा अधिकार आपल्या कलम ४५ मध्येही आहे. तो वापरला जातो मुख्यतः पार्किंग, अग्निशमन, सामासिक अंतरं यांच्यासाठी, म्हणजे इमारतींसाठी.

माझ्या मते शासनाने शेती विभागाच्या यादीत अशा प्रशिक्षण मैदानाचं नाव घालावं आणि त्याला आपल्याच हवामानाने ठरवलेली मुदत द्यावी: ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात चेनचं मशिन काळ्या रानात रुततं आणि मातीचं वाटोळं करतं, तेव्हा ते चार महिने शाळा बंदच असावी. दरवर्षी नूतनीकरण, दोन-तीन हंगामांच्या पुढे नाही. बागायत रान देऊच नये. जिराईत, मुरमाड माळ द्यावा, आणि त्याहीपेक्षा बरं म्हणजे वाघोली-मोशीसारख्या ठिकाणच्या काम संपलेल्या दगडखाणी, जिथे कडे सुरक्षित करून आणि साचलेलं पाणी उपसून भरावाचाच सराव देता येईल. तिथे वरची माती आधीच गेलेली असते. पोरांच्या सरावाने जमीन बिघडण्याऐवजी थोडी सावरेल.

बाकी सगळं आदेशात लिहिलेलं असलं तरी अनामत रक्कम घेतल्याशिवाय जमीन पूर्ववत होत नाही, हा खाणींचा अनुभव आहे. ती हमी शाळेकडून घ्यावी, शेतकऱ्याकडून नाही. सुरुवातीला जमिनीच्या उंचसखलपणाचे आकडे आणि फोटो काढून ठेवावेत, ग्रामसभेपुढे ठेवावेत. शाळा मेमध्ये उठल्यावर लगेच पंचनामा करून पैसे सोडू नयेत, कारण नुकतं सपाट केलेलं कुठलंही रान चांगलंच दिसतं. एक पावसाळा जाऊ द्यावा. भराव कुठे बसला, पाणी कुठे साचलं, शेजारच्या बांधाची ताल फुटली का, हे ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याला सोबत घेऊन बघावं आणि त्याची सही झाली की अनामत परत करावी.