‘आजवर कांहीं झालें नाहीं’ हा पुरावा नव्हे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत वाहन हांकणाऱ्या कोणाही गृहस्थास विचारावें कीं, आपलें हांकणें कसें आहे? ‘माझें हांकणें वाईट आहे’ असें उत्तर देणारा मनुष्य विरळाच. परंतु केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. सारेच चालक जपून हांकणारे असतील, तर हीं माणसें कोणाच्या हातून मेलीं? या प्रश्नाचें एक उत्तर चालकाच्या स्वतःविषयींच्या अंदाजांत आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या अंदाजाची परीक्षा शास्त्रज्ञांनीं घेतलेली आहे. १९६५ सालीं अमेरिकेंत प्रेस्टन व हॅरिस या दोघांनीं अपघातांत जखमी होऊन इस्पितळांत पडलेल्या ५० चालकांस त्यांच्या कौशल्याविषयीं विचारलें. पोलिसांच्या नोंदींप्रमाणें त्यांपैकीं ३४ जणांकडे अपघाताचा दोष होता. तथापि ज्यांस अपघात झाला नव्हता अशा चालकांइतकेंच आपणही कुशल आहों, असें या जखमी मंडळीचें मत पडलें. पुढें १९८१ सालीं स्वेन्सन या संशोधकानें असाच प्रश्न विचारला असतां, अमेरिकेंतील शेंकडा ९३ व स्वीडनमधील शेंकडा ६९ चालकांनीं आपली गणना अर्ध्याहून वरच्या चालकांत केली. वरच्या अर्ध्यांत अर्धेच मावावयाचे. तेव्हां बाकीच्यांचा हिशेब चुकला हें उघड आहे.

हा हिशेब कां चुकतो? वाईट संवय दर खेपेस शिक्षा करीत नाहीं, हें त्याचें कारण. राजूर घाट उतरतांना डिझेल वांचविण्याकरितां गाडी न्यूट्रलमध्यें टाकणारा मनुष्य पुष्कळदां सुखरूप खालीं उतरतो. मागें दिवा नसलेली ट्रॉली काळोखांत खामगांवच्या बाजारांत पोंचते. मडगार्डवर बसविलेला मजूर संध्याकाळीं घरीं येतो. फेरा वांचविण्यासाठीं उलट बाजूनें मोटारसायकल घालणारा व मोबाईल कानाशीं धरून हांकणारा, हे दोघेही बहुधा वांचतात. अशी प्रत्येक खेप मनांत पुराव्यासारखी जमा होते. आणि समोरच्यानें वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आपण वांचलों, ही गोष्ट मात्र जमेस धरली जात नाहीं. धूळपेरणी दोन वर्षें साधली म्हणून तिसऱ्या वर्षीं पाऊस आपल्या सोयीनें पडेल, असें कोणीही जाणता शेतकरी मानीत नाहीं. वाहनाच्या बाबतींत मात्र तोच शेतकरी असें मानतो, हें नवल होय.

रस्ता चांगला झाला म्हणजे हें सर्व आपोआप सुधारेल, अशी कित्येकांची समजूत आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तो आपल्या मेहकर व सिंदखेडराजा भागांतून जातो. याच मार्गावर सिंदखेडराजा तालुक्यांतील पिंपळखुट्याजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी प्राणास मुकले. टायर फुटला, अशी वार्ता प्रथम पसरली. परंतु परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालांत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहींत. सरळ व मोकळ्या रस्त्यावर भीति कमी होते आणि डोळा लागूं पाहतो. ताशीं १२० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांची डुलकी लागली कीं शंभर मीटर रस्ता कोणी न पाहतां मागें पडतो.

भीतीचा उपयोग किती, हें स्वीडनमध्यें दिसून आलें. त्या देशानें ३ सप्टेंबर १९६७ रोजीं डावी बाजू सोडून उजव्या बाजूनें वाहनें चालविण्याचा नियम केला. नवखेपणामुळें अपघात वाढतील अशी पुष्कळांस धास्ती होती, घडलें उलट. सर्वजण जपून हांकूं लागले व कांहीं काळ अपघात घटले. पुढें संवय झाली, धास्ती सरली, आणि अपघातही पूर्वपदावर आले.

मग करावें काय? धुऱ्याच्या तंट्यांत ज्याचें शेत त्याच्याच शब्दावर हद्द ठरत नाहीं. मोजणी करावी लागते. आपल्या हांकण्याचीही मोजणीच करावी. त्यासाठीं पुढील गोष्टी सोप्या आहेत:

१. आपल्यामुळें दुसऱ्यास ब्रेक दाबावा लागला किंवा बाजूस व्हावें लागलें, असें एका खेपेंत किती वेळां झालें तें मोजावें.

२. पुढील वाहन एखाद्या खांबापाशीं पोंचल्यापासून आपण तेथें पोंचेपर्यंत निदान तीन सेकंद गेले पाहिजेत. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें.

३. रात्रीं आपल्या ट्रॉलीच्या किंवा बैलबंडीच्या मागें शंभर पावलें जाऊन ती दिसते कीं नाहीं तें पाहावें. न दिसल्यास चमकणारी तांबडी पट्टी त्याच दिवशीं लावावी.

४. मागें बसणारी पत्नी, मुलें किंवा मजूर यांस भीति वाटते काय, तें विचारावें व उत्तर ऐकून रागावूं नये.

५. सालदाराच्या हातीं ट्रॅक्टर देणाऱ्या मालकानें त्याचा परवाना व त्याची झोंप या दोहोंची चौकशी करावी.

गांव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही आहे. तींत मयत खातेदाराचें नांव, मृत्यूची तारीख व वारसांचीं नांवें लिहितात. तो किती वर्षें सुखरूप हांकीत होता, याची नोंद तींत होत नाहीं. वारसांत अज्ञान मुलें असलीं म्हणजे त्या घरची शेती कोणी करावयाची, कर्ज कोणी फेडावयाचें, हे प्रश्न त्याच दिवशीं उभे राहतात. यंदाचा माल बाजारांत नेण्यापूर्वीं वाचकांनीं वरील मोजणी एकदां करून पाहावी, अशी विनंती आहे.