आमच्या घरची फ्रेंच

आमच्या कन्येने आठवीत फ्रेंच घेतली त्या दिवशी घरात दोन माणसे खट्टू झाली. एक सासूबाई, त्यांना नातीच्या तोंडून 'रामः रामौ रामाः' ऐकायचे होते. दुसरी मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत "बाई, फ्रेंचला मार्क पडतात हो," असे सांगून चांगली चांगली मुले माझ्या वर्गावरून पुढे निघून जाताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. तीच भाषा आता दप्तरात बसून घरी आली. तिचे स्वागत मी काही फार प्रेमाने केले नाही, हे कबूल केलेले बरे.

पहिले वर्ष 'बोंझूर' आणि 'मेर्सी' करीत मजेत गेले. नववीच्या पहिल्या चाचणीत मात्र वीसपैकी सात! मार्क पडणारी ती भाषा हीच का, असे मी विचारले नाही. पण चेहऱ्यावर ते दिसले असावे. मुलगी जेवली नाही.

रात्री वही उघडून पाहिली. घोडे अडले होते भूतकाळापाशी. फ्रेंचमध्ये बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ करायचा तर एक साहाय्यक क्रियापद लागते. बहुतेकांना 'आव्वार', थोड्यांना 'एत्र'. ही थोडी कोणती, हे ध्यानात राहावे म्हणून इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांनी आद्याक्षरे जुळवून डॉक्टर आणि मिसेस व्हँडरट्रॅम्प असे एक जोडपे निर्माण केले आहे. आमची कन्या त्या जोडप्याचा जप करीत होती. जोडीला नियम: 'एत्र' असेल तर क्रियापदाचे रूप कर्त्याप्रमाणे बदलते, 'आव्वार' असेल तर बदलत नाही, पण कर्म आधी आले तर कर्माप्रमाणे बदलते. का, कशासाठी, काही नाही. नुसता घोष.

मी यादी वाचली. येणे, जाणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे. म्हटले, "अगं, 'ती आली, तो आला' यात क्रियापद कोणाच्या मागे जातं?"

"कर्त्याच्या."

"आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने निबंध लिहिला'?"

ती थांबली. "कर्माच्या! आई, हे तर कर्मणी!"

फ्रेंच लोक 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणताना 'झे एक्री ला लेत्र' म्हणतात. तेथे क्रियापद स्वस्थ असते. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' या अर्थाने चिठ्ठी आधी आली, की 'एक्री'चे 'एक्रीत' होते, कारण चिठ्ठी त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी! आपल्याकडे कर्म बहुधा आधीच येऊन बसलेले असते, म्हणून आपल्याला या नियमाचे नवल वाटत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापदाला लिंगच नाही. त्या वाटेने गेलेल्या मुलाला हे सारे जाचक वाटणारच. (व्याकरणपंडितांनी रागावू नये. दोन्ही भाषांची रचना एकच आहे असे माझे म्हणणे नाही.) माझी विजयी मुद्रा फार वेळ टिकली नाही. "मग झोपणे नि धावणे? त्यांना 'आव्वार' लागतं," असे म्हणून कन्येने मला आडवे केले. तेवढी यादी पाठच करावी लागली.

पण त्या रात्रीपासून फ्रेंचचा अभ्यास इंग्रजीच्या दारातून आत येईनासा झाला. शाळेच्या पेपरात मित्राला पत्र असते, मुख्याध्यापकांना पत्र असते. मित्राला 'त्यू', मुख्याध्यापकांना 'व्हू'. मध्येच गल्लत झाली की गुण गेले. 'त्यू' म्हणजे तू आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही, हे मराठी मुलाला का शिकवावे लागावे? लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीने दगा दिला. आपली तीन लिंगे, त्यांची दोनच. आपले टेबल नपुंसकलिंगी, त्यांचे स्त्रीलिंगी. आपला चांदोबा मामा तर तिकडे चक्क मावशी होतो! तेव्हा प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला' यांच्यासकटच पाठ करायचे, असे आम्ही ठरवले. परीक्षेसाठी याहून उपयोगी युक्ती मला तरी सापडलेली नाही.

नववीच्या अखेरीस तिने 'डेल्फ'च्या पहिल्या पायरीची परीक्षा द्यायचे ठरवले. फ्रान्सच्या शिक्षणखात्याचे हे प्रमाणपत्र. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला ५० हवेत. पण कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर सारेच गेले. शाळेत सारा भर लेखीवर. त्यामुळे ऐकण्याची धास्ती. त्यातही आकड्यांची.

फ्रेंच लोक सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीला 'चार-वीस', आणि नव्व्याण्णवला 'चार-वीस-एकोणीस'. फोनचा नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. कानावर 'साठ' पडले म्हणून मूल ६० लिहून मोकळे होते, तोवर मागून 'पंधरा' येते. लिहायचे असतात ७५. कन्या रडकुंडीला आली. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? तीन विसा नि पंधरा. चार विसा नि एकोणीस. माझ्या माहेरची जुनी माणसं अशीच मोजायची."

मग महिनाभर रोज संध्याकाळी मुलीच्या फोनवरून कोणी फ्रेंच बाई आकडे सांगत होती आणि सासूबाई वाती वळता वळता विसा मोजत होत्या. आजीचे उत्तर आधी येई. संस्कृतचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. ऐकण्याच्या भागात कन्येला २५ पैकी २१ मिळाले. त्यातले निम्मे आपले, असे त्या शेजारी सांगून आल्या.

दहावी झाली. अकरावीच्या अर्जात दुसऱ्या भाषेच्या रकान्यात तिने माझ्याकडे न पाहता 'फ्रेंच' लिहिले.

"आणि मराठी?"

"मराठी घरी आहे ना, आई."

हेच उत्तर दुसऱ्या कोणा मुलीने दिले असते तर तिला समोर बसवून अर्धा तास बोलले असते. आता काय बोलणार? फ्रेंच तरी घरीच शिकलो होतो ना आम्ही. मी सही केली.

परवा रात्री ती पुन्हा वही घेऊन आली. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यासाठी फ्रेंचमध्ये क्रियापदाचे वेगळेच रूप लागते. मराठीत त्याला काय म्हणतात, हा प्रश्न. विध्यर्थ, असे मी सांगितले; पण पुरते जमेना. म्हणून मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' कपाटातून खाली काढले. ते अजून तिच्याच टेबलावर आहे.