भांगेचे वस्त्र

भांग म्हटली की आम्हां माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना महाशिवरात्रीची ठंडाई आठवते. त्यामुळे ‘भांगेच्या धाग्याचा सदरा’ हे शब्द कानी पडताच घरात हशा पिकतो. “अंगात घातला की चढतो की काय?” असा प्रश्न हमखास येतो. या थट्टेपायी एका गुणी तंतूवर अन्याय होतो, असे आम्हांस वाटते.

नशा आणणारे द्रव्य मुख्यत्वे या झाडाच्या फुलोऱ्यात असते. वस्त्राचा तंतू निघतो खोडाच्या सालीतून. आपल्याकडील ताग आणि अंबाडी ही झाडे निराळी, पण वाख काढण्याची रीत पुष्कळशी तीच. दाट पेरलेली भांग तीन-चार महिन्यांत सरळ उंच वाढते व तणाला वाव देत नाही. कापसाच्या मानाने तिला पाणी आणि औषधे कमी लागतात. धागा बळकट, प्रथम ताठर, पण धुण्यागणिक मऊ होणारा. त्याच्या चिवटपणाची साक्ष वेरूळ देते. तेथील लेण्यांच्या गिलाव्यात भांग मिसळली होती, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मातीत मिसळलेले ते अंश शतकानुशतके टिकून राहिले.

गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत याच तंतूचे ‘भांगेला’ नावाचे जाडेभरडे कापड विणीत. पोती आणि दोरही करीत. पुढे गिरणीचे स्वस्त कापड डोंगरात पोहोचले आणि ही विद्या मागे पडली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने लागवडीवर निर्बंध घातले. मात्र तंतू व बी यांसाठी परवानगी देण्याची मुभा त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने सरकारला ठेवली. त्या आधारे उत्तराखंडाने २०१८ साली, नशाद्रव्य शेकडा ०.३ हून कमी असलेल्या भांगेच्या लागवडीस वाट मोकळी केली.

मग हे कापड अजून महाग का? कारण पीक घेणे सोपे, पण तंतू सोडवणे कष्टाचे. खोडे दवात किंवा पाण्यात कुजवायची, साल सोलायची, तंतूंना धरून ठेवणारा चिकट अंश काढायचा, मग कातायचे. यातच खरी मेख आहे. खोडे ओढ्या-तळ्यात कुजवली तर पाणी नासते. रसायनांनी तंतू मऊ केला तर सांडपाण्याचा प्रश्न उभा राहतो. झाड निर्दोष असले म्हणून त्याचे प्रत्येक कापड निर्दोष ठरत नाही.

म्हणून वाचकभगिनींना आमची एक विनंती आहे. आपल्या आजी कापड उजेडाकडे धरून, सूत चोळून पाहत आणि दुकानदाराला दहा प्रश्न विचारीत. तोच चोखंदळपणा येथेही दाखवावा. धागा निव्वळ भांगेचा की कापूस मिसळलेला? कातला कोठे? खोडे कुजवली कशी? उत्तर समाधानकारक मिळाले, तर चार सदऱ्यांऐवजी असा एकच घ्यावा आणि तो विरेपर्यंत वापरावा. त्या पैशातून डोंगरातल्या एखाद्या घरी तकली पुन्हा फिरू लागली, तर चार पैसे अधिक गेल्याचे आम्हांस तरी वाईट वाटणार नाही.