जुनी मोटार आणि नवा पट्टा

आमच्या बडोदे शहरी २०२३ सालच्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसरात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. जुन्या मोटारींचे चकचकीत दिवे, त्यांची लांबलचक नाके आणि त्यांतील चामड्याच्या गाद्या यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु चौकसपणे पाहण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला अशा गाड्यांत एक गोष्ट हटकून उणी दिसेल. आसनपट्टा, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सीट बेल्ट म्हणतो, तो फार जुन्या मोटारींत मुळीच नसतो. घरच्या गाडीतून बाजारापर्यंत जावयाचे असले तरी वडील मंडळी पट्टा लावावयास सांगतात. मग ज्या मोटारीत पट्टाच नाही ती रस्त्यावर आणण्यास कायदा परवानगी कशी देतो? अशा गाडीत पट्टा मागाहून बसविता येतो काय? आणि कायद्याने सूट दिली म्हणजे धोकाही टळला काय? या तीन प्रश्नांचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

प्रथम पट्ट्याचा इतिहास थोडक्यात पाहू. कमरेवरून जाणारा साधा पट्टा विमानांत पूर्वीपासून होता. मोटारीत मात्र तो उशिरा आला. आज आपण वापरतो तो कमर आणि छाती दोन्ही आवरणारा, तीन ठिकाणी अडकविलेला पट्टा स्वीडन देशातील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते नील्स बोहलिन यांनी सिद्ध केला व १९५९ साली तो कंपनीच्या मोटारींत बसू लागला. त्याच्या एकस्वाचा हक्क हाती असूनही कंपनीने इतर कारखानदारांना तो वापरण्याची मोकळीक दिली, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने मोटारीत बसणाऱ्यांनी पट्टा लावलाच पाहिजे असा कायदा केला, आणि मग एकामागून एक देश त्या वाटेने गेले.

येथे दोन कायद्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. कारखानदाराने गाडीत पट्टा बसविलाच पाहिजे, हा एक नियम. गाडीत बसणाऱ्याने तो लावलाच पाहिजे, हा दुसरा नियम. पहिला नियम यंत्राला लागू होतो, दुसरा माणसाला. जुन्या मोटारींचे सारे कोडे या दोहोंच्या सांध्यात आहे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे १ जानेवारी १९६५ पासून प्रथम वापरात आलेल्या मोटारींना पुढील आसनांचे पट्टे असणे आवश्यक आहे. मागील आसनांच्या पट्ट्यांची सक्ती नव्या मोटारींवर १९८७ साली आली. पुढे बसणाऱ्यांनी पट्टा लावण्याची सक्ती ३१ जानेवारी १९८३ पासून सुरू झाली, आणि मागे बसणाऱ्या प्रौढांवर ती १९९१ साली आली. म्हणजे १९५५ सालची मोटार आज तेथे रस्त्यावर आणली, तर तीत पट्टे नाहीत म्हणून तिला कोणी अडविणार नाही. कारण ती तयार झाली तेव्हा तशी अटच नव्हती. परंतु त्याच देशाने मुलांच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. मुळातच पट्ट्यांवाचून बनलेल्या मोटारीत तीन वर्षांखालील मूल नेण्यास तेथे मनाई आहे, आणि तीन वर्षांवरील मुलांनी केवळ मागील आसनावर बसावे असा दंडक आहे. यंत्राला सूट दिली, पण बालकाला धोक्यात घालण्याची सूट दिली नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ साली दुरुस्ती झाली व एक वर्षाच्या मुदतीनंतर, म्हणजे १९९४ पासून, नव्या मोटारींत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी यांच्यासाठी पट्टा बसविणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. पट्टा लावण्याविषयीचा १३८ वा नियम आहे, त्याची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. ज्या वाहनात नियमाप्रमाणे पट्टे पुरविलेले आहेत, त्या वाहनात पुढे बसणाऱ्यांनी आणि समोर तोंड करून मागे बसणाऱ्यांनी ते लावावेत, असा त्याचा आशय आहे. तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मुंबईकरांनी लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली गाडी असो, की उत्तरपाड्याची जुनी ॲम्बॅसेडर असो, तिला नियमाने पट्टे पुरविलेलेच नव्हते.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी अथवा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही मुख्य अट. नव्याने नोंदलेल्या अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुढील नूतनीकरणास पाच हजार रुपये पडतात. मात्र ही नोंदणी रोजच्या वापराचा परवाना नव्हे. प्रदर्शन, मोटारींची रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती गाडी रस्त्यावर आणावयाची असते. धंद्यासाठी किंवा नित्याच्या येण्याजाण्यासाठी नाही. लग्नाच्या वरातीसाठी भाडे घेऊन ती फिरविणे या चौकटीत बसत नाही.

याप्रमाणे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कायदा सामान्यतः मागे वळून पाहत नाही. प्रत्येक यंत्राकडून तो त्याच्या जन्मकाळी असलेल्या अटींचीच अपेक्षा करतो, आणि त्याच्या वापरावर मर्यादा घालून धोका थोडा कमी करतो.

परंतु निसर्गाचे नियम मोटारीच्या नोंदणीचे साल विचारीत नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. तीत बसलेल्या माणसाचा वेगही तेवढाच असतो. आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेले सूत्र लावले, तर दिसून येईल की सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणाऱ्या वस्तूला जमिनीशी पोहोचताना हाच वेग येतो. मोटार भिंतीवर आदळून थांबली, तरी जडत्वामुळे आतील माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो.

आता त्याला कोठेतरी थांबावयाचेच असते. पट्टा, त्याचा किंचित ताण आणि गाडीचा चेपणारा पुढचा भाग मिळून त्याला समजा ६० सेंटीमीटर अंतरात थांबवितात. दहा मीटरांत मिळणारा वेग ६० सेंटीमीटरांत नाहीसा करावयाचा, म्हणजे १० भागिले ०.६, शरीरावर त्याच्या वजनाच्या सरासरी सोळा-सतरा पट जोर येतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा भार सुमारे हजार किलोंचा होतो. पट्टा नसेल आणि माणूस पुढील फळीवर आदळून अवघ्या १० सेंटीमीटरांत थांबला, तर तोच जोर शंभर पटींवर जातो, आणि तो छाती किंवा कपाळ अशा एकाच ठिकाणी एकवटतो. जुन्या मोटारीत यात आणखी भर पडते. तिचा सांगाडा ताठ असतो, तो नव्या गाडीसारखा बेताबेताने चेपला जात नाही. आणि चालकाच्या छातीसमोर सुकाणूचा न दबणारा दांडा असतो.

याच हिशेबाने मांडीवरील बालकाचा विचार करावा. दहा किलो वजनाचे मूल त्या क्षणी दीडशे किलोंहून अधिक भाराने हातांतून निसटू पाहते. कोणत्याही मातेच्या प्रेमाची शंका घेण्याचे कारण नाही. पण तेवढा भार कोणाचेही हात पेलू शकत नाहीत.

मग जुन्या मोटारीत पट्टा बसवून घ्यावा, हे ओघानेच सुचते. येथे थोडी सावधगिरी हवी. पट्टा स्वतः काही थांबवीत नाही. तो सारा भार ज्या जागी तो अडकविला आहे त्या जागेवर टाकतो. हजार किलोंचा भार घ्यावयाचा तर ती जागा तशीच भक्कम पाहिजे. जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा कित्येकदा गंजलेला असतो, आणि काही गाड्यांच्या बॉडीचा आधार लाकडी चौकटीचा असतो. नुसते भोक पाडून बोल्ट आवळला तर आघाताच्या वेळी तो पत्र्यासकट उपटून येईल. म्हणून पत्र्याखाली पोलादाची रुंद पट्टी देऊन, शक्य तेथे सांगाड्याशी जोड घेऊन, जाणत्या कारागिराकडूनच हे काम करवून घ्यावे लागते. छातीवरील पट्ट्यासाठी दाराजवळ मजबूत खांब लागतो. उघड्या टपाच्या गाडीत तो नसतोच, तेव्हा तेथे कमरेच्या पट्ट्यावर भागवावे लागते, आणि तो डोके पुढे आदळण्यापासून वाचवीत नाही. जुनी आसनेही तपासावी लागतात. पाठ सहज पुढे दुमडणारे आसन मागून माणसावर कोसळते. पट्टा जुना असेल, उन्हाने विटला असेल, त्याच्या कडा फाटल्या असतील, तर शोभेसाठी तो ठेवू नये, बदलावा.

यात नोंदणीचाही प्रश्न आहे. मूळ स्वरूप जपण्याची अट आणि पट्ट्यासाठी करावयाची भोके व जोडकाम यांचा मेळ घालावयाचा असतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात विचारणा करून, काय करणार ते लेखी कळवून, मग कारागिराला बोलवावे. केलेल्या कामाची छायाचित्रे व पावत्या जपून ठेवाव्यात, म्हणजे तपासणीच्या वेळी वाद उरत नाही.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठी असलेल्या खास आसनाने सुरक्षित न करता गाडी चालविली, तर एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. या कलमात मुलाचे वय लिहिले आहे. मोटारीचे वय लिहिलेले नाही. तेव्हा ज्या गाडीत पट्टा नाही तीत लहान मुलांना बसवून मिरवू नये, हाच सरळ मार्ग होय. दंड हजार रुपयांचाच आहे. पण हानी किती मोठी होऊ शकते, याचा हिशेब आपण वर केलाच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी अशी एखादी गाडी कापडाखाली झाकलेली असेल. ती पुसावी, तिचे इंजिन समजून घ्यावे, तिची कागदपत्रे नीट लावण्यास वडीलधाऱ्यांना मदत करावी. जुने जपणे हे चांगलेच काम आहे. पण ती रस्त्यावर निघण्याच्या वेळी ‘आजोबा, हिला पट्टे आहेत का? ते कशाला अडकविले आहेत?’ असे आदराने विचारावयास संकोच करू नये. उत्तर समाधानकारक नसेल, तर धाकट्या भावंडांचा हात धरून गाडी जाताना फाटकापाशी उभे राहून पाहावी. तिची शोभा तेथूनही पुरेशी दिसते.