सर्व्हरवरचा दुभाषी

दहावीच्या निकालाच्या दिवशी गावोगाव एकच दृश्य दिसते. एका मोबाइलभोवती पाचसहा मुले जमलेली असतात. बैठक क्रमांक भरला जातो, आईचे नाव भरले जाते, आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. कुणीतरी म्हणतो, "रेंज नाही." पण श्रोतेहो, दोष दर वेळी रेंजचाच असतो असे नाही. पलीकडे उत्तरे देणाऱ्या संगणकाची व्यवस्था कशी लावली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ती व्यवस्था आज समजावून घेऊ.

त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आपली मागणी पोचली की तो एक आज्ञावली चालवतो. पीएचपी, पर्ल अशा भाषांत लिहिलेली आज्ञावली यंत्राला थेट कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्याचे नाव इंटरप्रिटर. तो मजकूर वाचतो, व्याकरण तपासतो, त्याच्या सुटसुटीत आज्ञा बनवतो आणि मग त्या एकेक करून पार पाडतो.

१९९३ च्या सुमारास यासाठी सीजीआय नावाची पद्धत सुरू झाली. प्रत्येक मागणीला नवा दुभाषी बोलवायचा आणि काम होताच त्याला निरोप द्यायचा. दिवसाकाठी दहावीस मागण्या असल्या तर हे खपून जाते. पण हजारो आल्या म्हणजे? कामापेक्षा बोलावण्या-पाठवण्यातच यंत्राचा वेळ जातो.

मग उपाय काय? पहिला उपाय असा की दुभाषी आधीच बसवून ठेवावेत. एक मागणी संपली की त्याच दुभाष्याने दुसरी घ्यावी. फास्टसीजीआय ती हीच पद्धत. पीएचपीमध्ये हे काम एफपीएम नावाचा मुकादम पाहतो. २०१० साली तो ५.३.३ या आवृत्तीबरोबर मिळू लागला.

दुसरा उपाय मजकुराचा. आज्ञावली तीच, मग ती दर वेळी पहिल्यापासून वाचायची कशाला? एकदा बनवलेल्या आज्ञा स्मृतीत जपून ठेवाव्यात. पीएचपीत ही सोय, म्हणजे ऑपकॅश, २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून सोबतच येते.

आता किती दुभाषी बसवावेत? इथे थोडे गणित करू. समजा, सर्व्हरची स्मृती ४ जीबी आहे. तीपैकी निम्मी इतर कामांना ठेवली. उरली २०४८ एमबी. एक दुभाषी ६४ एमबी घेत असेल, तर ३२ दुभाषी बसतील. हौसेने शंभर बसवले तर स्मृती पुरत नाही. यंत्र डिस्कवर उसनवारी करू लागते, आणि डिस्क फारच मंद. पंगतीत वाढपी इतके झाले की त्यांचीच एकमेकांना अडचण, तशातली गत! एका मागणीला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, तर ३२ जण सेकंदाला १६० मागण्या उरकतील. तोच वेळ निम्मा केला, तर प्रोसेसरला झेपेल तोवर ३२०. म्हणून माणसे वाढवण्याआधी काम हलके करावे.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दुभाष्याला न बोलावणे. शाळेचे वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी, जाहीर झालेला निकाल या गोष्टी घटकेघटकेला बदलत नाहीत. त्यांची पाने आधीच तयार करून ठेवली, तर सर्व्हर ती नुसती उचलून देतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेचे संकेतस्थळ कुणाकडून करून घेताना या चार गोष्टी जरूर विचारा. दुभाषी बसते आहेत का? वाचलेला मजकूर जपला जातो का? संख्या स्मृती पाहून ठरवली का? तयार पाने कोणती?

आणि निकालाच्या दिवशी मुलांना एवढे सांगा, की चक्र फिरत असताना पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आपण पान सोडले तरी आधीचे काम तिकडे बहुधा चालूच राहते; नवी मागणी त्यावर आणखी ओझे घालते. पाच मिनिटे थांबलात, तर आपल्यालाही निकाल लवकर मिळेल आणि दुसऱ्या गावच्या मुलालाही.