एकशे चौदा वर्षांची पत्रिका

मोठ्या संगणक-केंद्रांसाठी बनवलेल्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात २००७च्या सुमारास एक आकडा दिमाखाने मिरवत असे: दोन बिघाडांमधला सरासरी काळ, दहा लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की ११४ वर्षे येतात. जिची हमी कंपनी सहसा पाच वर्षांपलीकडे देत नाही, तिला ही शतायुषी पत्रिका मांडून दिली कोणी?

पत्रिका खोटी नाही. वाचण्याची रीत वेगळी आहे. कारखान्यात ११४ वर्षे कोण थांबणार? पुष्कळ डिस्क थोडे दिवस अहोरात्र चालवतात, सगळ्यांचे तास एकत्र करतात आणि बंद पडलेल्यांच्या संख्येने भागतात. आयुर्विम्याचे हिशेब पाहिलेल्यांना यातली गोम चटकन कळेल. तिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षाला एक दगावतो असे धरले, तर याच रीतीने माणसाचे आयुष्य हजार वर्षे निघते! म्हणजे हा आकडा आयुर्मानाचा नव्हे, उमेदीच्या वयातल्या मृत्युदराचा. हजार डिस्क वर्षभर चालल्या तर नऊएक जातील, एवढेच तो सांगतो.

पण तेवढ्याच जातात का? २००७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर शेकडा ०.८८ जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार बदलाव्या लागणे सर्रास आढळले; क्वचित हे प्रमाण तेरापर्यंत गेले. शिवाय झीज पाच वर्षांनंतरच सुरू होते, हा समजही टिकला नाही. वयाबरोबर धोका वाढतच होता. बदललेली प्रत्येक डिस्क बिघडलेलीच नसते, हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा. पण ज्याला ती काढावी लागली, त्याच्या लेखी ती बुडीत खातीच जमा.

आधी लक्षणे तरी दिसतात का? डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. त्याच वर्षी गूगलने आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर चार प्रमुख लक्षणांपैकी एकही उमटलेले नव्हते. चांगली धडधाकट डिस्क उभ्या उभ्या गेली!

ज्याच्यापाशी लाख डिस्क आहेत, त्याला सरासरीवर कारभार करता येतो. तुमच्याआमच्या घरी असते एक. मुलीच्या लग्नाचे फोटो, वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज, सारे तिच्यातच. ती जाते तेव्हा शेकडा शंभर जाते.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड दुसऱ्या शाखेत ठेवण्याचा रिवाज आहे. तिजोरी उत्तम कंपनीची आहे म्हणून तो कोणी मोडत नाही. घरातल्या डिस्कचीही एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, ती दुसऱ्या घरी ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहत जावे.