महाविद्यालयात कशासाठी? प्रेरणेच्या मोजमापाचे शास्त्र

महाविद्यालयात किती विद्यार्थी येतात, हे मोजणे सोपे असते. हजेरीपट उघडला की आकडा मिळतो. ७५ टक्के उपस्थितीची अट आपल्याकडील विद्यार्थ्यांना नवी नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा निर्णय घेतला. महाविद्यालयात केवळ नावापुरता प्रवेश घ्यायचा आणि प्रत्यक्षात दिवसभर खासगी क्लासमध्ये बसायचे, या प्रकाराला आळा घालण्याचा हेतू त्यामागे होता. मात्र बोटाचा ठसा घेणारे यंत्र विद्यार्थी आला की नाही एवढेच सांगू शकते. तो कशासाठी आला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते. वस्तुतः शिक्षणाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर मोजता येते काय, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली काही दशके घेत आहेत.

या शोधाचे एक मूळ १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘सोमा’ नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यासाठी एक डॉलर देण्यात आला. दुसऱ्या गटाला काहीच मिळाले नाही. खरी नोंद घेतली गेली ती मोकळ्या वेळेची. संशोधक काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जात आणि त्या अवधीत विद्यार्थी आपणहून कोड्याशी खेळतो की मासिक चाळतो, हे लपून पाहिले जाई. पैसे बंद झाल्यावर मोबदला घेतलेल्या गटाचा कोड्यातील रस उतरल्याचे डेसी यांना आढळले. प्रयोग लहान होता आणि त्यावर वादही झाले. मात्र १९९९ मध्ये डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अपेक्षित असलेल्या वस्तुरूप बक्षिसामुळे आंतरिक गोडी कमी होते आणि मनापासून केलेल्या कौतुकाने ती वाढू शकते, असा निष्कर्ष निघाला.

याच विचारातून डेसी आणि रायन यांचा ‘स्वयंनिर्धारण सिद्धान्त’ आकाराला आला. प्रेरणा कमी की जास्त, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ती कोणत्या जातीची आहे, हेही विचारले पाहिजे, हे त्याचे सार होय. वडिलांच्या धाकाने अभ्यास करणारा आणि विषयाच्या ओढीने अभ्यास करणारा, असे दोन विद्यार्थी सारखेच तास पुस्तकापुढे बसू शकतात. त्यांच्या प्रेरणेचे वजन सारखे असले, तरी जात वेगळी असते.

अठ्ठावीस कारणे

कॅनडातील क्वेबेक प्रांतात रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सिद्धान्ताच्या आधारे एक प्रश्नावली तयार केली. १९८९ मध्ये ती फ्रेंच भाषेत आणि १९९२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ‘शैक्षणिक प्रेरणा मापनश्रेणी’ या नावाने ती ओळखली जाते. क्वेबेकमध्ये अकरा वर्षांचे शालेय शिक्षण संपल्यावर विद्यापीठात जाण्यापूर्वी ‘सेजेप’ नावाच्या महाविद्यालयात दोन वर्षे शिकावे लागते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाशी मिळताजुळता असा हा टप्पा. त्यामुळे ‘तुम्ही महाविद्यालयात का जाता?’ हा प्रश्न तेथे स्वाभाविकपणे पुढे आला.

प्रश्नावलीत या एकाच प्रश्नाची २८ संभाव्य उत्तरे दिलेली असतात. प्रत्येक उत्तर आपल्याला कितपत लागू पडते, हे विद्यार्थ्याने १ ते ७ या अंकांत सांगायचे. १ म्हणजे मुळीच नाही, ७ म्हणजे तंतोतंत. ही उत्तरे सात गटांत, प्रत्येकी चार, अशी विभागलेली असतात. पण विद्यार्थ्यापुढे ती सरमिसळ करून ठेवली जातात. पहिले तीन गट आंतरिक प्रेरणेचे : जाणून घेण्याचा आनंद, काही साध्य केल्याचे समाधान आणि विषयात रंगून जाण्याचा अनुभव. पुढचे तीन बाह्य प्रेरणेचे. त्यांतील पहिला ‘स्वीकृत’ प्रेरणेचा : अभ्यास रंजक नसला तरी आपण निवडलेल्या वाटेसाठी तो आवश्यक आहे, हे विद्यार्थ्याला पटलेले असते. दुसऱ्यात मनातला दबाव काम करतो; आपण हुशार आहोत हे सिद्ध करण्याची धडपड किंवा नापास झाल्यास वाटणारी लाज. तिसऱ्यात केवळ पगार आणि प्रतिष्ठा यांचा विचार असतो. सातवा गट प्रेरणाशून्यतेचा. आपण येथे का येतो, हेच त्या विद्यार्थ्याला उमगत नाही.

एखादे मोजमाप विश्वासार्ह आहे की नाही, हे तपासण्याच्या काही कसोट्या असतात. एका गटातील चारही उत्तरांना विद्यार्थी सुसंगत अंक देतात काय, आणि काही काळाने पुन्हा विचारल्यास उत्तरे साधारण तीच येतात काय, या त्यांतील दोन प्रमुख कसोट्या. इंग्रजी आवृत्तीसाठी ७४५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांत सुसंगतीचा सरासरी गुणांक ०.८१ आला, तर एका महिन्याच्या अंतराने घेतलेल्या उत्तरांतील सहसंबंध सरासरी ०.७९ आढळला. पूर्ण सुसंगती म्हणजे १, हे लक्षात घेता हे आकडे समाधानकारक मानले जातात.

भाकीत आणि मर्यादा

तथापि मोजमापाची खरी परीक्षा त्याच्या भाकितात असते. १९९२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात व्हॅलरँड आणि रॉबर्ट बिसोनेट यांनी सेजेपच्या पहिल्या सत्रातील १,०४२ विद्यार्थ्यांची प्रेरणा सत्राच्या आरंभीच मोजून ठेवली आणि सक्तीचा फ्रेंच विषय पुढे कोण सोडतो, याकडे लक्ष ठेवले. जे टिकून राहिले त्यांच्यात आंतरिक आणि ‘स्वीकृत’ प्रेरणा अधिक होती, तर सोडून गेलेल्यांमध्ये प्रेरणाशून्यता अधिक होती. म्हणजे गळतीची चाहूल हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागण्यापूर्वीच मिळू शकते. या विद्येचे व्यावहारिक मोल येथे आहे.

काही संशोधक सातही गटांचे मिळून एकच अंक काढतात. आंतरिक प्रेरणेच्या सरासरीची दुप्पट, अधिक स्वीकृत प्रेरणा, उणे दबाव व लाभ यांची सरासरी, उणे प्रेरणाशून्यतेची दुप्पट, असे ते सूत्र. उत्तर उणे १८ ते अधिक १८ यांच्या दरम्यान येते. मात्र एकाच अंकाचा मोह धोक्याचा ठरू शकतो. समजा, एका विद्यार्थ्याचे अंक आंतरिक ५, स्वीकृत ६, दबाव-लाभ ६ आणि शून्यता २ असे आहेत. दुसऱ्याचे अनुक्रमे ४, ३, ३ आणि १. दोघांचेही उत्तर ६ येते. परंतु पहिला विद्यार्थी तीव्र ओढ आणि तीव्र दडपण एकाच वेळी वागवीत आहे, तर दुसरा शांत पण काहीसा उदासीन आहे. पहिल्याला समुपदेशकाची गरज असू शकते, तर दुसऱ्याला कदाचित एखाद्या चांगल्या शिक्षकाची.

इतरही मर्यादा आहेत. सिद्धान्तानुसार प्रेरणेचे प्रकार एका सलग पट्टीवर मांडता यायला हवेत; शेजारच्या प्रकारांचे नाते दाट आणि दूरच्यांचे विरळ असायला हवे. अमेरिकेत केव्हिन कोकली यांनी २००० मध्ये केलेल्या तपासणीत हे चित्र पूर्णपणे जुळले नाही. शिवाय ही उत्तरे विद्यार्थी स्वतःविषयी देतो. प्राध्यापकांच्या नजरेखाली नाव लिहून भरलेल्या प्रश्नावलीत ज्ञानाची ओढ वाढणे आणि पगाराची चिंता घटणे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

भारतीय वाचकाच्या मनात आणखी एक शंका येणे साहजिक आहे. आपल्याकडे शिक्षणाचा निर्णय बहुधा घर मिळून घेते. मग आईवडिलांसाठी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी दबावाच्या खात्यात टाकायचा काय? या प्रश्नाला संशोधनाने दिलेले उत्तर उद्‌बोधक आहे. व्हॅलेरी चिरकोव्ह, रायन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून स्वायत्तता आणि एकटेपणाने घेतलेला निर्णय या दोन भिन्न गोष्टी असल्याचे दाखवून दिले. कुटुंबाची अपेक्षा मनापासून आपली मानलेला विद्यार्थी स्वायत्तच असतो. घरची पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगी आईच्या कष्टांची आठवण ठेवून शिकत असेल, तर ती प्रेरणा ‘स्वीकृत’ असू शकते. तीच अपेक्षा केवळ भीती किंवा अपराधाची भावना होऊन बसली, तर मात्र ते दडपण ठरते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणूनच विद्यार्थ्याला विचारावे लागते.

मग हजेरीची सक्ती निरर्थक काय? तसेही नाही. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात वर्गातील उपस्थिती आणि गुण यांचे नाते भक्कम आढळले. परंतु उपस्थिती सक्तीची केल्याने गुणांत पडणारा फरक अल्प होता. वर्गात येणे हितकारक आहे. ओढून आणल्याने तेवढेच हित साधत नाही.

अशा प्रश्नावलीचा वापर कसा करावा, हे यातून स्पष्ट होते. प्रवेश किंवा गुण यांच्याशी ती कदापि जोडू नये. तसे झाल्यास ‘योग्य’ उत्तरे शिकविणारे क्लासही निघतील. नाव न घेता, सत्राच्या आरंभी आणि अखेरीस ती भरून घेतल्यास एखाद्या विभागात ओढ वाढते आहे की आटते आहे, हे महाविद्यालयाला कळू शकते. आरंभी उत्सुक असलेला वर्ग अखेरीस प्रेरणाशून्यतेकडे झुकला, तर दोष केवळ विद्यार्थ्यांवर ढकलता येणार नाही. त्या वेळी अध्यापनाची पद्धत, परीक्षेचे स्वरूप आणि निवडीला असलेला वाव यांची तपासणी संस्थेलाच करावी लागेल. ‘तुम्ही महाविद्यालयात का येता’, हे विद्यार्थ्यांना विचारणाऱ्या संस्थेने हे उत्तर ऐकण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.